लोड साठच्या वर, सीपीयू रिकामा: ठरावीक वेळी अडकणाऱ्या सर्व्हरचे कर्नल स्टॅक कसे वाचायचे

तक्रार साधारण अशी असते. दर काही दिवसांनी बिलिंगचे सगळे पडदे एकदम थबकतात. अर्धा मिनिट ते तीन मिनिटे कशालाच प्रतिसाद येत नाही, मग सगळे आपोआप सुटते. तेवढ्यात कुणी ‘टॉप’ (चालू प्रोसेस दाखवणारी आज्ञा) उघडलेच तर लोड अ‍ॅव्हरेज (काम करणाऱ्या किंवा वाट पाहणाऱ्या प्रोसेसची सरासरी संख्या) साठ-सत्तर दिसतो, पण सीपीयूवर काम जवळजवळ नाही. इंदूरला सियागंजातल्या ठोक पेढ्या, सांवेर रोडचे कारखाने, पीथमपूरचे सुट्या भागांचे पुरवठादार यांच्याकडे बहुधा एकच सर्व्हर असतो: ३२ किंवा ६४ जीबी मेमरी, रेड १ मध्ये (एकमेकींची प्रत राखणाऱ्या) दोन साटा डिस्क, उबुंटू किंवा डेबियन, पोस्टग्रेस डेटाबेस आणि बॅकअपसाठी कोपऱ्यात एक नॅस (नेटवर्कवरचा डिस्कसाठा). अशा वेळी वाचायचा तो कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, स्टॅक: थांबलेली प्रोसेस कोणत्या फंक्शनांतून कुठे पोचली याची यादी. खालचे विवेचन अशा मशीनला धरून आहे. मोठ्या मशीनवरही वाचायची पद्धत हीच, फक्त यादी लांब होते.

आज्ञा आणि फंक्शनांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमन अक्षरांत टाइप करावीत.

आधी हे ठरवा: प्रोसेस धावत आहेत की थांबल्या आहेत?

लिनक्सच्या लोड अ‍ॅव्हरेजमध्ये सीपीयूसाठी रांगेत असलेल्या प्रोसेस मोजल्या जातातच, शिवाय ‘डी’ अवस्थेतल्या, म्हणजे कर्नलमध्ये कशाची तरी वाट पाहत सिग्नलही न ऐकता पडून राहिलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. १९९३ पासून हे असेच आहे. त्यामुळे लोड ६० याचा अर्थ सीपीयू कमी पडतोय असा लावून जास्त कोअरचे मशीन विकत घेणे हा या दुखण्यावरचा सर्वांत महागडा आणि निरुपयोगी उपाय.

‘व्हीएमस्टॅट १’ दहा-पंधरा सेकंद चालवा आणि डावीकडचे दोन रकाने पाहा. ‘आर’ मोठा असेल आणि उजवीकडचा ‘एसवाय’ (कर्नलमध्ये गेलेला सीपीयूचा वेळ) तीस-चाळीस टक्क्यांच्या वर असेल तर कर्नल खरोखर काम करत आहे, तिथे सीपीयूवर काय चालले आहे याचे नमुने घेणारे पर्फ हे साधन लागेल. ‘बी’ मोठा आणि सीपीयू रिकामा असेल तर पर्फ काहीच सांगणार नाही, कारण जी प्रोसेस सीपीयूवर नाही तिचा नमुना पर्फ घेतच नाही. अर्धा दिवस फ्लेमग्राफ (पर्फच्या नमुन्यांचे आलेख) काढत बसायचे आणि त्यात काहीच सापडत नाही म्हणून वैतागायचे, हे याच गफलतीमुळे होते.

थांबलेल्या प्रोसेसचा स्टॅक पकडणे

पहिली आज्ञा ही:

पीएस -ईएलओ स्टेट,पीआयडी,टीआयडी,डब्ल्यूचॅन:३२,कॉम

यातला एल मोठ्या लिपीतला, तो वगळला तर थ्रेड (एकाच प्रोसेसमधले कामाचे वेगवेगळे धागे) दिसत नाहीत, आणि मायएसक्यूएल किंवा जावाच्या सर्व्हरमध्ये अडकलेला असतो तो बहुधा एखादा थ्रेडच. शेवटी ‘कॉम’ लिहिले आहे, ‘आर्ग्ज’ नाही, तेही मुद्दाम. पूर्ण आज्ञाओळ वाचायला ‘पीएस’ला त्या प्रोसेसच्या मेमरी नकाशाचे लॉक घ्यावे लागते. तेच लॉक अडकलेले असेल तर ‘पीएस ऑक्स’ स्वतःच लटकते आणि तपासणाराही रांगेत जाऊन बसतो.

ज्यांची अवस्था ‘डी’ आहे त्यांचा पूर्ण माग रूट म्हणून असा मिळतो:

कॅट /प्रॉक/<पीआयडी>/टास्क/<टीआयडी>/स्टॅक

सगळ्यांचा एकदम हवा असेल तर:

इको डब्ल्यू > /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर

याने फक्त अडकलेल्या टास्कचे (प्रोसेस किंवा थ्रेडचे) स्टॅक डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशनोंदीत, उतरतात. ‘एल’ दिले तर सध्या चालू असलेल्या सीपीयूंचे, ‘टी’ दिले तर झाडून सगळ्यांचे. ‘टी’ जपून वापरा. हजार टास्कचे स्टॅक म्हणजे सहज २० लाख अक्षरे, आणि सिरियल कन्सोल १,१५,२०० बॉडवर जोडलेला असेल तर ती बाहेर पडायलाच तीन मिनिटे लागतात. तेवढा वेळ मशीन आणखी अडकते आणि सॉफ्ट लॉकअपच्या (सीपीयू अडकून पडल्याच्या) खोट्या सूचना पडतात. आधी ‘डीमेसेज -एन १’ देऊन कन्सोल गप्प करावा. आणि टाइप करताना नीट बघा: ‘बी’ने मशीन तत्काळ रीबूट होते, ‘सी’ने कर्नल मुद्दाम पाडला जातो. दोन्ही विचारणा न करता होतात.

खोळंबा दोन मिनिटांत सुटत असेल तर हाताने पकडणे शक्य नाही, पाळतीवर छोटी स्क्रिप्ट ठेवावी लागते. दर पाच सेकंदांनी ‘डी’ अवस्थेतले टास्क मोजायचे, आकडा आठच्या वर गेला की एकेक सेकंदाच्या अंतराने दहा वेळा सगळ्यांचे स्टॅक लिहून ठेवायचे. ते कुठे लिहायचे हे महत्त्वाचे. ज्या डिस्कपायी सगळे अडकले आहे तिच्यावरच स्क्रिप्ट लॉग लिहायला गेली तर तीही ‘डी’मध्ये जाते आणि हाती रिकामी फाइल येते. म्हणून लॉग /डेव्ह/एसएचएम मध्ये लिहा, तो मेमरीत राहतो. खोळंबा सुटल्यावर तिथून उचलून घ्या, रीबूट केले की तो गेला.

कर्नल स्वतःही नोंद करतो, पण उशिरा. ‘ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स’ ही सूचना सलग १२० सेकंद न हललेल्या टास्कसाठीच येते. चाळीस सेकंदांचे अडकणे तिच्या जाळ्यात सापडत नाही. तपास चालू असेपर्यंत कर्नल.हंग_टास्क_टाइमआउट_सेक्स २० वर आणावे. अशा सूचना मुळात १० वेळाच छापल्या जातात आणि मग कर्नल गप्प बसतो, तेव्हा ‘आता येत नाही म्हणजे बरे झाले’ असे समजू नका, हंग_टास्क_वॉर्निंग्ज उणे १ करा. त्या सूचनेच्या खालीच ती बंद करायची आज्ञा छापलेली असते. ती चालवून तक्रार मिटवणारे बरेच आहेत. बंद होते ती सूचना.

माग वाचताना

सगळ्यांत वरची ओळ म्हणजे टास्क आत्ता कुठे आहे, खालच्या ओळी म्हणजे तिथवर कोणत्या वाटेने आला. फंक्शनच्या नावापुढे +०एक्स२१बी/०एक्स५०० असे असते: पहिला आकडा फंक्शनच्या सुरुवातीपासूनचे अंतर, दुसरा फंक्शनची एकूण लांबी. डीमेसेजमधल्या ज्या ओळीआधी प्रश्नचिन्ह असेल ती सोडून द्या. तो पत्ता स्टॅकवर सापडला इतकेच, ती खरी वाट असल्याची कर्नलला खात्री नसते. त्यावरून निदान बांधू नये.

काही नावे दिसली की दचकायचे कारण नाही. ईपी_पोल, डू_वेट, पाइप_रीड, एचआरटायमर_नॅनोस्लीप, वर्कर_थ्रेड ही सगळी कामाची वाट पाहणारी रिकामी मंडळी. फ्युटेक्स_वेट दिसले तर लॉक अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमधले आहे, कर्नलला दोष नाही, तो तपास जीस्टॅक किंवा जीडीबीने करावा.

एका नमुन्यावर निष्कर्ष काढू नका. दहाही नमुन्यांत तोच टास्क त्याच ओळीवर असेल तर तो खरोखर रुतला आहे. फंक्शन तेच पण टास्क बदलत असतील तर रांग लांब आहे, तरी पुढे सरकते आहे. शंका राहिली तर त्या टास्कच्या ‘स्टेटस’ फाइलमधला व्हॉलंटरी_सीटीएक्सटी_स्विचेस हा आकडा पाच सेकंदांच्या अंतराने दोनदा पाहा. बदलला तर टास्क मधूनमधून जागा होतोय.

रांगेचे तोंड शोधा

या सगळ्या उद्योगातला खरा भाग हा. चाळीस टास्क अडकले असतील तर अडतीसांचे स्टॅक एकसारखे असतात आणि डोळा तिकडेच जातो. पण ते फक्त वाट पाहणारे. सराफ्याच्या गल्लीत रात्री गर्दी तुंबली तर मागे उभ्या असलेल्यांना विचारून उपयोग नसतो, तोंडाशी कोण आडवे झाले आहे ते बघावे लागते. स्टॅकमध्येही एकट्यादुकट्याचा वेगळा स्टॅक शोधायचा: त्याच वाटेने आलेला, पण लॉकच्या फंक्शनवर न थांबता पलीकडे गेलेला.

बिलांच्या पीडीएफ एकाच फोल्डरमध्ये जमा होणाऱ्या सर्व्हरवर, फाइल सिस्टिम ईएक्सटी४ असेल, तर चित्र असे दिसते. तीसेक टास्क:

आरडब्ल्यूसेम_डाउन_राइट_स्लोपाथ
डाउन_राइट
पाथ_ओपनॅट
डू_फिल्प_ओपन

म्हणजे सगळ्यांना त्याच फोल्डरमध्ये नवी फाइल उघडायची आहे आणि फोल्डरचे लॉक दुसऱ्याकडे आहे. मग एक टास्क असा सापडतो:

वेट_ट्रान्झॅक्शन_लॉक्ड
स्टार्ट_धिस_हँडल
जेबीडी२__जर्नल_स्टार्ट
ईएक्सटी४_क्रिएट
पाथ_ओपनॅट

लॉक याच्याच हातात आहे. पण हाही गुन्हेगार नाही, जर्नलचा (फाइल सिस्टिमच्या बदलांच्या नोंदवहीचा) चालू व्यवहार बंद व्हायची वाट पाहतोय. तो व्यवहार बंद करणारा कर्नल थ्रेड जेबीडी२/एमडी०-८ अशा नावाने यादीत असतो, त्याचा स्टॅक:

आयओ_शेड्यूल
फोलिओ_वेट_बिट
फोलिओ_वेट_रायटबॅक
जेबीडी२_जर्नल_कमिट_ट्रान्झॅक्शन

आता तोंड सापडले. जर्नल डिस्कवर डेटा उतरायची वाट पाहतोय, त्याच्यामागे एक फाइल, तिच्यामागे तीस. जुन्या कर्नलमध्ये फोलिओच्या जागी पेज असे नाव दिसेल, अर्थ तोच. मधल्या ओळी तुमच्या आवृत्तीत थोड्या वेगळ्या असतील, त्याने निदान बदलत नाही.

डिस्क इतकी का तुंबली?

इथे बहुतेक वेळा बॅकअप सापडतो. कर्नल लिहायचा डेटा आधी मेमरीत साठवतो. मोकळी आणि कॅशची मेमरी मिळून जेवढी उपलब्ध, तिच्या १० टक्के साठेपर्यंत मागे लिहायला जोमाने सुरुवातही होत नाही आणि २० टक्के ही कमाल मर्यादा, या मूळ सेटिंग्ज. ६४ जीबीच्या मशीनवर ५० जीबी उपलब्ध धरली तर १० जीबी डेटा मेमरीत तुंबू शकतो. साटा डिस्क सलग लिहिताना सेकंदाला १५० एमबी देते असे धरले तरी तो उतरायला ६८ सेकंद लागतात. डेटा विखुरलेला असेल तर कितीतरी जास्त. तेवढ्यात पोस्टग्रेसने एफसिंक (डेटा लगेच डिस्कवर उतरवणे) मागितला की तो या ढिगाऱ्यामागे. पीजी_डंपची (डेटाबेसच्या प्रतीची) फाइल त्याच डिस्कवर उतरवून मग नॅसवर हलवण्याची पद्धत असेल तर हे हमखास होते.

लिहिणाऱ्या प्रोसेसच्या स्टॅकमध्ये बॅलन्स_डर्टी_पेजेस दिसत असेल तर हेच निदान पक्के. त्या दोन मर्यादांच्या मध्यावर पोचल्यापासूनच कर्नल लिहिणाऱ्यांना मुद्दाम थोडे थोडे थांबवू लागतो. उपाय म्हणजे ढिगारा लहान ठेवणे:

व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स = २६८४३५४५६
व्हीएम.डर्टी_बाइट्स = १०७३७४१८२४

म्हणजे २५६ एमबी आणि १ जीबी. बाइट्सचा आकडा दिला की टक्केवारीचा आपोआप शून्य होतो, तो बिघाड नव्हे. जोडीला बॅकअपचा वेग बांधावा, फाइलींची प्रत करणाऱ्या आरसिंकला --बीडब्ल्यूलिमिट=४०००० दिले की सेकंदाला साधारण ४० एमबी. आयओनाइसवर (डिस्कच्या कामाचा प्राधान्यक्रम ठरवणाऱ्या आज्ञेवर) विसंबू नका. /सिस/ब्लॉक/एसडीए/क्यू/शेड्यूलर मध्ये ‘नन’ असेल तर आयओनाइसचा काहीही परिणाम होत नाही. आज्ञा बिनतक्रार चालते, म्हणून लोकांना वाटते काम झाले.

खोळंब्याची वेळ तपासली का? महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटेपासून सगळे मंद असेल तर तो डेबियन-उबुंटूचा ठरलेला रेड तपासणीचा दिवस असतो. ‘कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट’मध्ये ‘चेक’ दिसेल, स्टॅकमध्ये वेट_बॅरियर. ४ टीबीची डिस्क १५० एमबीच्या वेगाने पूर्ण वाचायला सात तासांहून जास्त लागतात. रविवारीही पाळी चालणाऱ्या पीथमपूरच्या कारखान्यात ते जाणवणारच. तपासणी बंद करू नये, ती डेटा वाचवते. /प्रॉक/सिस/डेव्ह/रेड/स्पीड_लिमिट_मॅक्स मूळ २,००,००० असते, ती ३०,००० करावी, आणि मग तपासणी दीड दिवस चालेल हे गृहीत धरावे. एसएसडी असलेल्या मशीनवर रविवार-सोमवारमधल्या मध्यरात्री अडकत असेल तर एफएसट्रिम.टायमर (एसएसडीला मोकळ्या जागा कळवणारे आठवड्याचे काम) पाहा.

वेळ काहीच ठरलेली नसेल तर डिस्क किंवा कंट्रोलर आजारी असू शकतो. ‘आयओस्टॅट -एक्स १’मध्ये एकाच डिस्कचा डब्ल्यू_अवेट (एका लेखनाला लागणारा सरासरी वेळ) जोडीदारापेक्षा कितीतरी पट जास्त असेल तर स्मार्टसीटीएलने ५ आणि १९७ क्रमांकाची गुणवैशिष्ट्ये (बदललेले आणि संशयास्पद सेक्टर) वाचा, १९७ शून्याच्या वर असेल तर डिस्क बदला, कर्नल तपासत बसू नका. रेड कार्डाची बॅटरी संपली की कार्ड लेखन-कॅश बंद करते, आणि मग ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर एका फेरीला ८.३ मिलिसेकंद या हिशेबाने सेकंदाला जेमतेम १२० एफसिंक होतात. काल व्यवस्थित चाललेला सर्व्हर आज कुणी काही न बदलता मंदावला, तर हे आधी बघावे.

स्टॅकमध्ये आरपीसी_वेट_बिट_किलेबल असेल तर वाट नॅसची आहे. नावातच आहे तसे, ही प्रोसेस ‘डी’ दिसली तरी किल -९ ने मरते. आधी नॅस आणि स्विच तपासा. नॅसचे माउंट ‘सॉफ्ट’ (ठरावीक वेळाने प्रयत्न सोडून चूक परत देणारे) करण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण ज्यावर लिहिले जाते अशा माउंटवर त्याने डेटा अर्धवट राहू शकतो.

मेमरीपायी अडकणे

स्टॅकमध्ये ट्राय_टू_फ्री_पेजेस, श्रिंक_नोड असेल तर मेमरी मागणाऱ्यालाच ती आधी मोकळी करायला जुंपले आहे. /प्रॉक/व्हीएमस्टॅटमधले अलॉकस्टॉलने सुरू होणारे आकडे खोळंब्याच्या आधी आणि नंतर वाचा. व्हीएम.वॉटरमार्क_स्केल_फॅक्टर मूळ १० म्हणजे मेमरीचा हजारावा भाग असतो. तो १०० केला की केस्वॅपडी (मेमरी मोकळी करणारा कर्नल थ्रेड) लवकर उठून कामाला लागतो. पण नाव ट्राय_टू_फ्री_मेम_सीग्रुप_पेजेस असेल तर मर्यादा कंटेनरची आहे. ‘फ्री’ या आज्ञेत २० जीबी मोकळी दिसत असतानाही हे होते, आणि तिथे वरचे सेटिंग बदलून काही साधत नाही.

कॉम्पॅक्ट_झोन, आयसोलेट_मायग्रेटपेजेस_ब्लॉक ही जोडी म्हणजे २ एमबीची सलग पाने जुळवण्याची धडपड. ट्रान्सपरंट_ह्यूजपेजचे ‘डिफ्रॅग’ सेटिंग ‘मॅडव्हाइज’ किंवा ‘डिफर’ करा. पोस्टग्रेसला मोठी पाने हवीच असतील तर ती आधीच राखून द्यावीत: ८ जीबी शेअर्ड बफर्सना ४,०९६ पाने आणि वर थोडी. आवृत्ती १५ पासून पोस्टग्रेस -सी शेअर्ड_मेमरी_साइझ_इन_ह्यूज_पेजेस नेमका आकडा सांगते, त्यातला सी मोठ्या लिपीतला.

सीपीयू खरोखर कर्नलमध्ये जळत असेल तर

पर्फ रेकॉर्ड -एफ ९९ -ए -जी -- स्लीप ३०
पर्फ रिपोर्ट --नो-चिल्ड्रेन

इथला एफ मोठ्या लिपीतला. ९९ का, १०० का नाही? कर्नलची ठरावीक तालावरची कामे आणि नमुने एकाच ठेक्यात पडू नयेत म्हणून. नावांऐवजी नुसते पत्ते दिसले तर कर्नल.केपीटीआर_रिस्ट्रिक्ट तात्पुरते ० करा.

वर नेटिव्ह_क्यूड_स्पिन_लॉक_स्लोपाथ आले तर तेवढ्याने काही कळत नाही, कोणते लॉक हे त्याला बोलावणाऱ्या फंक्शनवरून ठरते. आरएमक्यू_बल्क असेल तर मेमरी झोनचे, फ्युटेक्स_वेक असेल तर अ‍ॅप्लिकेशनचे थ्रेड गरजेपेक्षा जास्त. रीड_एचपीईटी वर असेल तर सोपे आहे: कर्नलने सीपीयूमधले टीएससी घड्याळ अविश्वसनीय ठरवून संथ घड्याळ घेतले आहे, आणि वेळ विचारण्याची प्रत्येक हाक महाग झाली आहे. करंट_क्लॉकसोर्स फाइल वाचा आणि डीमेसेजमध्ये टीएससी अनस्टेबल शोधा. बायोस जुना असेल तर आधी तो अद्ययावत करा.

व्हर्च्युअल मशीनवर एक फसवणूक ठरलेली. हार्डवेअर काउंटर मिळत नसल्याने पर्फ टायमरवर चालते, आणि इंटरप्ट (सीपीयूला मध्येच थांबवणारे संकेत) बंद असताना टायमरला नमुना घेता येत नाही. म्हणून सगळा दोष इंटरप्ट पुन्हा चालू होतात त्या ओळीवर, _रॉ_स्पिन_अनलॉक_आयआरक्यूरिस्टोअरवर, जमा होतो. लॉक सोडणे महाग नसते. त्याच्या जरा आधी काय चालले होते ते बघा, आणि त्याबरोबर ‘टॉप’मधला ‘एसटी’ आकडाही (यजमानाने इतरत्र वळवलेला सीपीयूचा वेळ): तो पाच टक्क्यांच्या वर असेल तर दुखणे यजमान मशीनवर आहे.

बदल केल्यावर फरक पडला का हे लोडवरून ठरवू नका. /प्रॉक/प्रेशर/आयओ आणि /प्रॉक/प्रेशर/मेमरी या फाइली कर्नल ४.२० पासून आहेत, त्या खोळंब्यात गेलेला वेळ मोजतात. त्यातली ‘फुल’ ओळीची ‘टोटल’ मायक्रोसेकंदांत वाढत जाते. बॅकअपच्या आधी आणि नंतर ती टिपून वजाबाकी करा, आणि एका वेळी एकच सेटिंग बदला. आकडा घटला पण पडदे अजून थबकतच असतील, तर पाळतीची स्क्रिप्ट चालूच ठेवून नवा स्टॅक काढा, कारण पहिली रांग सुटली की तिच्यामागे दडलेली दुसरी बऱ्याचदा पुढे येते.